‘हेड गेलंय’ म्हटल्यावर लगेच पैसे काढू नका: सबलिमेशन प्रिंटरच्या नावाखाली चालणारी फसवणूक

सबलिमेशन प्रिंटिंगमध्ये, म्हणजे कागदावर छापलेलं चित्र उष्णतेने टी-शर्ट किंवा मगवर उतरवण्याच्या कामात, माणूस एका फटक्यात फसत नाही. आधी शाईत फसतो, मग त्या शाईमुळे आलेल्या दोषाचं खोटं निदान होतं, आणि शेवटी दुरुस्तीच्या बिलात उरलेले पैसे जातात. पहिली बाटली बनावट होती हे कळलेलं नसल्यामुळे पुढचा प्रत्येक खर्च आपल्याच हाताळणीमुळे झाला असं त्याला वाटत राहतं. म्हणून तो तक्रारही करत नाही, आणि विकणारा पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

ही फसवणूक सोपी होण्यामागे एक साधं कारण आहे. सबलिमेशन शाईने कागदावर काढलेली प्रिंट चांगली असली तरी फिकट आणि मळकटच दिसते. काळा रंग करडा किंवा तपकिरी वाटतो, लाल रंगात जोर नसतो. खरा रंग हीट प्रेसखाली, म्हणजे तापलेल्या प्लेटने दाबणाऱ्या यंत्राखाली, गेल्यावरच उमटतो. त्यामुळे दुकानात कागदावर दाखवलेल्या नमुन्यावरून शाई खरी की खोटी हे कुणालाच सांगता येत नाही. ‘प्रेस केल्यावर बघा, कसा रंग येतो’ असं सांगून बाटली हातात दिली जाते.

या शाईतला रंग पाण्यात विरघळत नाही. त्याचे अतिबारीक कण द्रवात तरंगत ठेवलेले असतात. साधारण १८० ते २०५ अंश सेल्सिअसला ते घनरूपातून थेट वायू होतात आणि पॉलिस्टरच्या धाग्यात किंवा पॉलिमर कोटिंगमध्ये शिरून बसतात. साध्या फोटो शाईतला रंग पाण्यात विरघळणारा असतो आणि तो असा वायू होत नाही. ती शाई प्रेस केली की कापडावर जेमतेम डाग पडतो आणि पहिल्या धुण्यात निघून जातो. पण बाटलीत दोन्ही शाया सारख्याच दिसतात, वासावरूनही ओळखू येत नाहीत.

साधी शाई लेबल बदलून विकली तर ती पहिल्याच प्रेसला उघडी पडते. जास्त नुकसान करते ती भेसळ. थोडी खरी, थोडी साधी अशी शाई असली की रंग उतरतो, पण दबलेला उतरतो. चारपैकी एकच रंग भेसळीचा असेल तर फोटोतले चेहरे पिवळे किंवा जांभळे दिसू लागतात आणि शंका शाईवर न जाता सेटिंगवर जाते. तिसरा प्रकार मुदत संपलेल्या मालावर नवं स्टिकर लावण्याचा. कण तळाशी बसणं हा या शाईचा स्वभावच आहे, म्हणून भरण्याआधी बाटली फेस न येईल इतपत हलक्या हाताने उलटसुलट करायची असते. एवढं करूनही तळाचा थर सुटत नसेल, तर ती शाई प्रिंटरमध्ये घालू नका. तोच थर पुढे डॅम्परच्या, म्हणजे शाई गाळणाऱ्या छोट्या डबीच्या, जाळीत आणि शाई फेकणाऱ्या हेडच्या बारीक छिद्रांत, म्हणजे नोझलमध्ये, अडकतो.

शाई तपासायला प्रिंटर लागतच नाही. प्रत्येक बाटलीतला एक थेंब कापसाच्या काडीवर घ्या, कोऱ्या कागदावर पातळ पट्टी ओढा आणि पूर्ण सुकू द्या. चारही रंगांच्या पट्ट्या एकाच कागदावर घ्या. शंभर टक्के पॉलिस्टरच्या पांढऱ्या तुकड्यावर तो कागद उलटा ठेवा. वर आणि खाली साधा कागद ठेवून साधारण २०० अंशाला ५० ते ६० सेकंद प्रेस करा. खरी शाई कापडावर झळझळीत उतरते आणि कागदावर मागे फिकट छाया राहते. कागदावरची पट्टी जवळपास जशीच्या तशी गडद राहिली आणि कापडावर पुसट डाग आला, तर ती शाई सबलिमेशनची नाही. त्यानंतर कापडाचा अर्धा भाग कोमट पाण्यात साबणाने चोळून धुवा आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासा. फडक्याला रंग लागला तर भेसळ आहे असं समजा. ही चाचणी टाकीत शाई ओतण्याआधीच करा. एकदा ओतली की टाकी, नळ्या, डॅम्पर आणि हेड, सगळी वाट धुवावी लागते.

दुसरी फसवणूक ‘कन्व्हर्ट केलेल्या’, म्हणजे साध्या प्रिंटरमध्ये सबलिमेशन शाई भरून विकलेल्या, प्रिंटरची. हेडमध्ये शाई ढकलण्याच्या दोन पद्धती आहेत. पिझो हेडमध्ये विजेने वाकणारा स्फटिक शाईचा थेंब बाहेर ढकलतो, तिथे उष्णता लागत नाही. थर्मल हेडमध्ये शाई क्षणभर तापवून बुडबुडा तयार करतात आणि त्या जोरावर थेंब फेकतात. उष्णतेने वायू होणाऱ्या शाईसाठी थर्मल हेड योग्य नाही. एप्सनचे इंकजेट पिझो पद्धतीचे आहेत. कॅनन आणि एचपीचे घरगुती इंकजेट बहुतांशी थर्मल आहेत. थर्मल प्रिंटर ‘सबलिमेशनसाठी तयार केलाय’ असं कुणी सांगत असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी घेऊ नका.

मॉडेल पिझो असलं तरी त्यात आधी कोणती शाई होती हे विचारा. जुन्या शाईचा अंश नळ्या आणि डॅम्परमध्ये राहतो, त्यामुळे सुरुवातीच्या कितीतरी प्रिंट फिकट येतात आणि रंग रोज बदलतो. विकत घेताना दोन गोष्टी डोळ्यांसमोर करून घ्या: नोझल चेक (सगळी नोझल चालतात का हे दाखवणारी रेघांची प्रिंट), आणि त्याच प्रिंटरवर काढून तिथेच प्रेस केलेला चार रंगांचा नमुना. आधीच तयार ठेवलेला टी-शर्ट हा पुरावा नाही. कंपनीची मूळ शाई सोडून दुसरी घातली की कंपनीची वॉरंटी सहसा हातची जाते. मग विक्रेता जी ‘आमची वॉरंटी’ म्हणतो त्यात हेड येतं का, हे बिलावर लिहून घ्या.

रंग फिकट येतोय अशी तक्रार घेऊन गेलं की ठरलेलं उत्तर मिळतं: ‘तुमची प्रेस गरम होत नाही.’ हे कधीकधी खरंही असतं, म्हणूनच ते पटतं. मग माणूस तापमान आणि वेळ वाढवत जातो. उष्णता जास्त झाली की काळा तपकिरी पडतो, कडा पसरतात, पांढरं कापड पिवळं पडतं, आणि आता दोष खरोखरच प्रेसचा दिसू लागतो. यात वेळ घालवण्यापेक्षा प्लेटचं तापमान मोजून टाका. पडद्यावरचा आकडा सेन्सर असतो त्या एका जागेचा असतो. कोपरे १० ते १५ अंशांनी थंड असू शकतात. चकचकीत प्लेटवर इन्फ्रारेड थर्मामीटर चुकीचा, बहुधा कमी आकडा दाखवतो, त्यामुळे उष्णता सहन करणारी मॅट टेप लावून तिच्यावर मोजा. पॉलिस्टरला १९० ते २०० अंश आणि ४५ ते ६० सेकंद, मगला साधारण १८० ते २०० अंश आणि ३ ते ४ मिनिटं, हे सुरुवातीचे आकडे धरा. मोजलेलं तापमान बरोबर असूनही रंग दबलेला असेल तर शाई, कागद किंवा माल (कापड, मग) यांच्याकडे वळा.

कागदातली लबाडी पटकन कळते. सबलिमेशन कागदाच्या एका बाजूला कोटिंग असतं, त्यामुळे शाई वरच राहते. गडद चौकोन छापा आणि मागून पाहा. रंग आरपार आला असेल तर साधाच कागद कापून विकलाय. कागद उलटा घातला तरी असंच होतं, म्हणून दोन्ही बाजूंनी एकेक नमुना काढा. कापडाचा एक धागा चिमट्यात धरून पेटवा. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो, सुताची राख होते आणि जळक्या कागदाचा वास येतो. मिश्र कापडावर जितकं पॉलिस्टर तितकाच रंग टिकणार. मगचं कोटिंग नुसतं पाहून कळत नाही, म्हणून पूर्ण पेटी घेण्याआधी एक मग प्रेस करा, थंड होऊ द्या आणि घासणीने घासा.

‘रंग जुळत नाही, आमची महागडी शाई घ्या’ हाही एक सापळा आहे. बऱ्याचदा कमतरता असते आयसीसी प्रोफाइलची, म्हणजे छपाईचे रंग जुळवणाऱ्या फाइलची. प्रोफाइल एका ठरावीक प्रिंटर, शाई आणि कागदाच्या जोडीसाठी बनवलेलं असतं. शाई बदलली की जुनं प्रोफाइल निकामी होतं. चांगला शाईवाला ते शाईसोबत देतो. प्रोफाइल लावल्यावर प्रिंटरच्या ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद करा. नाहीतर दुरुस्ती दोनदा होते आणि रंग आणखी बिघडतात. आडव्या रेघा येत असतील तर कागदाचा प्रकार मॅट ठेवा, दर्जा सर्वांत वरचा निवडा, वेगवान छपाई बंद करा आणि हेड अलाइनमेंट करा. यातल्या कशासाठीही नवी शाई लागत नाही.

आता सर्वांत महागडा टप्पा. वाईट शाईने नोझल बंद होतात, प्रिंटर दुरुस्तीला जातो आणि दहा मिनिटांत निकाल लागतो: ‘हेड गेलंय.’ हेड हा प्रिंटरचा सर्वांत महाग भाग, आणि तो तपासायचा कसा हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं. नोझल चेकचा कागद नीट वाचला तर बरंच काही कळतं.

एकापाठोपाठ एक तीन चेक काढले आणि रेघा दरवेळी त्याच जागी तुटल्या, तर शाई वाळली आहे. दोन-तीन वेळा हेड क्लीनिंग करा, मग प्रिंटर बंद करून १२ तास तसाच ठेवा आणि पुन्हा चेक काढा. सलग दहा क्लीनिंग मारल्याने शाई संपते आणि वाया गेलेली शाई शोषणारं वेस्ट पॅड भरतं, नोझल मात्र सुटेलच असं नाही. टाकीच्या मॉडेलमध्ये पॉवर क्लीनिंग (नळ्यांतली सगळी शाई बदलणारं जोरदार क्लीनिंग) करायचं तर प्रत्येक टाकी किमान एक-तृतीयांश भरलेली हवी, नाहीतर नळीत हवा शिरते.

तुटलेल्या जागा दरवेळी बदलत असतील किंवा क्लीनिंगनंतर वाढत असतील, तर हवा शिरली आहे किंवा हेडखालची, काम थांबल्यावर हेड झाकणारी कॅप नीट बसत नाही. कॅप पाहणं सोपं आहे. हेड बाजूला असताना कॅपमध्ये क्लीनिंग लिक्विडचे काही थेंब भरा आणि क्लीनिंग चालू करा. लिक्विड ओढलं गेलं नाही तर दोष पंपाचा, त्याच्या नळीचा किंवा कॅपच्या रबराचा आहे. हे भाग हेडच्या तुलनेत किरकोळ किमतीचे असतात, आणि कॅपच्या कडेला साचलेली शाई ओल्या काडीने पुसली की पुष्कळदा काम होतं. पान नीट सुरू होऊन मध्येच एखादा रंग विरत जात असेल तर शाईचा पुरवठा कमी पडतोय. टाकीचं हवेचं छिद्र, दबलेली नळी आणि डॅम्पर पाहा.

एखादा रंग पूर्ण गायब आहे, क्लीनिंगने काडीचाही फरक नाही, पंप ठीक आहे, डॅम्परमध्ये शाई पोहोचते आहे, किंवा कमांड नसताना हेडमधून रंगाचा सलग पट्टा उमटतोय, एवढं दिसल्यावरच हेडच्या विजेच्या भागाची शंका घ्यावी. तेव्हाही आधी हेडला जाणारी चपटी केबल पाहावी. तिच्या टोकाला शाई लागली असेल तर प्रिंटर सुरू करू नका. शॉर्ट होऊन हेडसोबत बोर्ड, म्हणजे प्रिंटरचं मुख्य सर्किटही जातं. अशा केबलवर नवं हेड बसवलं तर तेही जळतं आणि दुसरं बिल तयार होतं.

काही जण सिरिंजने हेडमध्ये जोरात लिक्विड मारतात. त्या दाबाने आतले सील सुटतात, लिक्विड विजेच्या जोडणीपर्यंत जातं आणि चालू होण्याजोगं हेड खरोखर मरतं. हेडवर दाब देऊ नका असं दुरुस्ती करणाऱ्याला आधीच बजावा. प्रिंटर देण्याआधी नोझल चेक काढून त्यावर तारीख घाला, सिरियल नंबरचा फोटो घ्या आणि पक्क्या शाईच्या पेनने हेडच्या कडेला खूण करा. हेड बदललं असं सांगितलं तर जुनं हेड परत मागा. खूण जुळली पाहिजे. परत न देण्याची सबब ऐकून पैसे देऊ नका.

प्रिंटर अचानक थांबला आणि वेस्ट इंक पॅडची मुदत संपल्याचा संदेश आला, तर ‘बोर्ड गेलं’ हे ऐकून घेऊ नका. क्लीनिंगची शाई जिथे साठते त्या पॅडचा मोजणीचा आकडा भरलेला असतो, एवढंच. सॉफ्टवेअरने तो आकडा शून्यावर आणता येतो आणि त्याला काही मिनिटं लागतात. पण पॅड तसंच ठेवून नुसता आकडा शून्य केला तर शाई खालून वाहते आणि आतले भाग बिघडवते. ‘पॅड बदललं की फक्त रिसेट केलं?’ हे विचारा आणि काढलेलं पॅड दाखवायला सांगा. काही मॉडेलमध्ये याऐवजी मेंटेनन्स बॉक्स असतो, तो घरीच बदलता येतो.

चुकीची शाई आधीच आत गेली असेल तर लगेच छपाई थांबवा. टाकीतली शाई सिरिंजने टाकीच्या बाजूने काढा, हेडच्या बाजूने नाही. सबलिमेशनसाठीचं क्लीनिंग लिक्विड भरा आणि नळ्यांतला रंग नाहीसा होईपर्यंत ते वाहू द्या. हे सगळं वेस्ट पॅडमध्येच जाणार, म्हणून आधी पॅडची स्थिती पाहा. मग तपासलेली शाई भरून प्रत्येक रंगाची पूर्ण पानं काढा, आणि प्रेस केलेला नमुना लागोपाठ तीन वेळा सारखा आल्यावरच गिऱ्हाइकाचं काम घ्या. जुनी बाटली फेकू नका. बॅच नंबर, सील, बिल आणि काडीच्या चाचणीचं कापड एकत्र ठेवा. विक्रेता प्रेसकडे बोट दाखवेल, म्हणून त्याच कापडावर त्याची शाई आणि खात्रीची शाई शेजारी शेजारी लावून एकाच वेळी, एकाच तापमानाला प्रेस केलेला तुकडा घेऊन जा.