माझाच कार्बोरेटर मला साडेसोळा हजारांना विकला गेला

माझ्याकडे 1993 सालची काँटेसा क्लासिक आहे. हिंदुस्थान मोटर्सच्या या गाडीत जपानच्या इसुझूचे 1.8 लिटरचे पेट्रोल इंजिन आहे आणि महामार्गावर पाचव्या गिअरमध्ये ती आजही नव्या गाड्यांना सहज गाठते. गेल्या दिवाळीच्या सुमारास तिला एक खोड लागली. उभ्या गाडीला एकदम ॲक्सिलरेटर दिला की ती क्षणभर गुदमरे, झटका खाई आणि मग पळू लागे. एका वेगात चालताना मात्र काहीच तक्रार नसे. या शेवटच्या गोष्टीतच निदान दडलेले होते, पण ते मला तेव्हा समजले नाही.

शहरातल्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली. मिस्त्रीने बॉनेट उघडून दोनदा रेस केली आणि म्हणाला, "साहेब, कार्बोरेटरची बॉडीच झिजलीया. आता त्यात काय राहिलं न्हाई." कार्बोरेटर म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग. मुंबईहून रिकंडिशन केलेला इम्पोर्टेड कार्बोरेटर 18,500 रुपयांना येईल, बिल नको असेल तर दोन हजार कमी करू, असे त्याने सांगितले. मी 16,500 रुपये रोख दिले. चौथ्या दिवशी गाडी घ्यायला गेलो आणि जुना कार्बोरेटर मागितला, तेव्हा तो भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले.

तापलेल्या इंजिनानिशी रंकाळ्याभोवतीच्या सपाट रस्त्यावर फेरी मारली, तर गाडी लोण्यासारखी चालली. पुढे आठवड्याभरात लिटरला दहाऐवजी सात किलोमीटर पडू लागले, प्लग काजळीने काळे झाले आणि पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या पुढच्या चढावर तोच झटका पुन्हा बसला.

यानंतर उद्यमनगरातल्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी इंजिन बंदच ठेवले, एअर फिल्टर काढला, मला कार्बोरेटरच्या तोंडात बघायला सांगितले आणि हाताने थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर उघडणारी हवेची झडप, उघडला. तिथे पेट्रोलची बारीक, जोरकस धार ताबडतोब उडायला हवी होती. प्रत्यक्षात एक थेंब ओघळला. थ्रॉटल एकदम उघडला की हवा तत्काळ आत शिरते, पण पेट्रोल जड असल्यामुळे मागे राहते, आणि ती तूट भरून काढण्यासाठीच कार्बोरेटरमध्ये ॲक्सिलरेटर पंप दिलेला असतो. माझ्या गाडीतल्या पंपाचे रबरी वॉशर कडक होऊन आक्रसले होते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुन्या गाड्यांच्या रबराची अशी दशा होते, असे त्यांचे मत पडले. (ते इथेनॉल आपल्याच उसाचे, हा भाग वेगळा.)

मग पहिल्या दिवशी गाडी चांगली कशी चालली? आयडलिंग (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) वाढवून आणि हवा-पेट्रोलच्या मिक्श्चरचा स्क्रू सैल करून इंजिनाला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल दिले, की गरम इंजिनावर ही तूट झाकली जाते. प्लग काळे पडणे आणि ॲव्हरेज उतरणे ही त्याचीच किंमत असते.

पंपाचे काम करण्यासाठी मिस्त्रींनी कार्बोरेटर उतरवला आणि तो उलटा केल्यावर मी थक्क झालो. सहा वर्षांपूर्वी बुडाच्या एका स्टडचे आटे गेले होते, तेव्हा मी उद्यमनगरातच लेथवर पितळी बुश (भोकात बसणारी छोटी नळी) करून तिथे बसवून घेतला होता. तो बुश त्याच कोपऱ्यात होता. मुंबईहून आलेला म्हणून मला विकलेला तो कार्बोरेटर माझाच होता, फक्त ॲसिडने धुऊन चकचकीत केलेला. ज्या वॉशरमुळे हे सारे घडले, ते मात्र बदललेलेही नव्हते. नवीन वॉशर आणि गास्केट मिळून 380 रुपये लागले, मजुरी वेगळी.

जिल्हा ग्राहक आयोगात जाण्याचा विचार मनात आला. पण दोन हजार वाचवण्याच्या मोहात बिल घेतले नव्हते आणि रोख दिलेल्या पैशांचाही पुरावा नव्हता. म्हणून पितळी बुशचा फोटो घेऊन मी थेट त्या गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्रीने फोटो नीट पाहिला, परत माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "असले बुश काय एकाच गाडीला असत्यात व्हय? आणि नेताना तुम्हीच चालवून बघितली की."