शेगडी उत्तम, पण हवेच्या पाइपने नाकी नऊ आणले : सोळा महिन्यांनंतर

मागच्या जानेवारीत एका सकाळी हॉलमध्ये आलो तर लाकडं जाळून घर तापवणाऱ्या शेगडीच्या मागे फरशीवर पाणी. धाकटीची बाटली सांडली असेल म्हणून पुसून टाकलं. दुपारी परत तेवढंच. मग टॉर्च घेऊन वाकून बघितलं. बाहेरची हवा आणणारा ॲल्युमिनियमचा पाइप भिंतीपासून शेगडीपर्यंत घामाने डबडबला होता आणि त्याच्या पोटाखाली थेंबांची रांग लागली होती. एक पडला की दुसरा तयार. खालच्या ओक लाकडाच्या फरशीच्या तीन पट्ट्यांच्या कडा फुगून वर आल्या होत्या, बोट फिरवलं की लागत होत्या.

आम्ही श्टुटगार्टजवळच्या एका गावात राहतो. जुन्या शेगडीच्या पाटीवर १९९८ साल होतं. १९९५ ते मार्च २०१० या काळातल्या ज्या शेगड्या धूळ आणि कार्बन मोनॉक्साइडच्या मर्यादेत बसत नाहीत, त्यांना जर्मनीत ३१ डिसेंबर २०२४ ची मुदत होती. म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये सहा किलोवॅटची नवी घेतली. आधीच्या मालकाने सगळ्या खिडक्या बदललेल्या, त्यामुळे घर डब्यासारखं घट्ट. आगीला हवा बाहेरूनच द्यायची ठरलं. १०० मिलिमीटरचा पाइप पश्चिमेच्या भिंतीला भोक पाडून आत घेतला आणि कडेकडेने दीड मीटर शेगडीपर्यंत आणला.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. जुनी शेगडी खोलीतलीच हवा ओढायची आणि तेवढी हवा दाराच्या फटीतून आत यायची. चेहरा तापायचा आणि पाय गार पडायचे. कोल्हापूरहून आई आली की पायमोजांवर पायमोजे घालून बसायची. नव्या शेगडीसमोर ती पहिल्याच आठवड्यात खाली सतरंजीवर मांडी घालून शेंगा सोलत बसली. दाराखालचा वारा बंद झाला होता. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हा खर्च पुन्हा करीन.

आता भांडण. दुकानदाराने विकताना सांगितलं होतं, ‘बाहेरची हवा जोडली की स्वयंपाकघरातला हूड बिनधास्त लावा.’ आमच्याकडे रोज दोन-तीन फोडण्या, वास-धूर बाहेर ओढणाऱ्या हूडशिवाय चालतच नाही. शॉर्नश्टाइनफेगर, म्हणजे धुराडं तपासून शेगडीला परवानगी देणारा माणूस, आला आणि म्हणाला, ‘पाइप आहे, पण ही शेगडी खोलीच्या हवेपासून स्वतंत्र असल्याचं मंजुरीपत्र कुठंय?’ ते नव्हतं. पाइप जोडायची सोय असणं वेगळं आणि डीआयबीटी या बर्लिनच्या संस्थेची तशी मंजुरी असणं वेगळं, हे आम्हाला तेव्हा कळलं. दुकानदाराला सहा ईमेल केले. उत्तर एकच : ‘माहितीपत्रकात सगळं आहे.’

शॉर्नश्टाइनफेगरचा मात्र मला राग नाही, त्याचं बरोबर होतं. एक किलो लाकडाला साधारण दहा घनमीटर हवा लागते. आमची शेगडी तासाला दोन किलोच्या आत जाळते, म्हणजे वीसेक घनमीटर. आमचा हूड तासाला पाचशे बाहेर फेकतो. घट्ट घरात एवढी हवा ओढली की खोलीतला दाब उतरतो आणि शेगडीचा धूर आत ओढला जातो, म्हणून तो दाब चार पास्कलपेक्षा (पास्कल हे दाबाचं एकक) जास्त उतरता कामा नये. लक्ष्मीपूजनाला चकल्या तळताना हूड पूर्ण जोरात होता. मी ओंडका टाकायला शेगडीचं दार उघडलं आणि धुराचा लोट सरळ तोंडावर आला. दार उघडलं की आग खोलीशी जोडली जाते, मग पाइप कितीही चांगला असो. अशा घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

शेवटी खिडकीला स्विच बसवला. खिडकी उघडी असेल तरच हूड चालतो. इलेक्ट्रिशियनसकट दोनशे दहा युरो गेले, आणि बाहेर उणे पाच असताना खिडकी उघडून फोडणी द्यायची. मंजुरीवाली शेगडी साडेतीनशे युरोंनी महाग होती, पण तिच्यात ही कटकट नव्हती. विकत घेण्याआधी तो कागद हातात मागा.

पण माझं खरं दुखणं त्या ठिबकणाऱ्या पाइपचंच. खोलीत एकवीस अंश आणि पन्नास टक्के आर्द्रता असेल, तर दहा अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. आमच्या पाइपमधून उणे नऊची हवा येत होती. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो तसंच. त्यात हिवाळ्यात कपडे घरातच वाळतात. बसवणाऱ्याने घरातल्या पाइपवर एक इंचही इन्सुलेशन, म्हणजे थंडी अडवणारं आवरण, घातलं नव्हतं. शिवाय हवा बंद करायची झडप शेगडीच्या तोंडाशी लावली. त्यामुळे आग विझल्यावर झडप बंद केली तरी भिंतीपासून झडपेपर्यंतचा दीड मीटर पाइप रात्रभर गारच. ती भिंतीपाशी हवी होती. (झडप निखारे पूर्ण थंड झाल्याशिवाय बंद करू नका, धुमसत्या निखाऱ्यांचा वायू घरात येऊ शकतो.)

पहिला उपाय मी काटकसरीने केला. तळघरात उरलेला काचलोकर (ग्लासवूल) पाइपला गुंडाळला आणि वरून चिकटपट्टी. दोन आठवड्यांत तो ओल्या बोळ्यासारखा जड झाला. तेव्हा मी इथल्या सगळ्या मित्रांना सांगत सुटलो की इन्सुलेशनचा उपयोग नाही. ते चूक होतं, माझं मत आता पूर्ण बदललं आहे. खोलीतली दमट हवा लोकरीतून आत शिरून थंड पत्र्यावर पोचत होती. तिला बाहेरच अडवायला हवं. फेब्रुवारीत काळ्या रबरासारखं, बंद छिद्रांचं १९ मिलिमीटरचं आवरण आणलं आणि प्रत्येक सांधा त्याच्याच गोंदाने चिकटवला. शेगडीजवळच्या शेवटच्या हातभर भागात रबर चालत नाही, तिथे उष्णता सोसणारी दगडी लोकर घातली आणि वरून ॲल्युमिनियमचं कातडं सलग बंद केलं. सगळे मिळून चौसष्ट युरो. बसवतानाच केलं असतं तर फरशी वाचली असती.

बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी होती. जूनमध्ये पॉपलरच्या झाडांचा कापूस उडाला आणि ती गच्च भरली. ऑक्टोबरमध्ये पहिली आग धुमसत राहिली तेव्हा लक्षात आलं. आता सेंटीमीटरभर भोकांची जाळी आहे.

पाइपचा मार्गही आज वेगळा निवडीन. बसवणारा म्हणाला होता की तळघराच्या छताखालून आणून शेगडीच्या बरोबर खालून वर काढू. स्लॅबला भोक नको म्हणून मीच नाही म्हटलं. तसं केलं असतं तर थंड पाइप तळघरात राहिला असता, तिथे गुंडाळायला भरपूर जागा होती आणि ठिबकला तरी खाली सिमेंट होतं. हॉलमध्ये वीतभरही दिसला नसता.

या हिवाळ्यात पाइप कोरडा आहे. फक्त भिंतीतून आत येतो तिथे, गोंद नीट धरला नाही त्या जागी, कडक थंडीत नाण्याएवढा ओला डाग उमटतो. सकाळी राख काढताना आधी तिथे बोट लावून बघतो. तीन पट्ट्या अजून फुगलेल्याच आहेत, त्या एप्रिलमध्ये बदलणार.