प्रोटीन पॅनकेक, सात महिन्यांनंतर: स्कूपला शीग लावू नका

मागच्या महिन्यात प्रोटीन पावडरच्या डब्यातला स्कूप दांड्यापाशी तुटला आणि त्यानंतर आमच्या घरचे पॅनकेक मऊ व्हायला लागले. या दोन गोष्टींचा संबंध लक्षात यायला मला आठवडा लागला. तोपर्यंत सहा महिने, आठवड्यातून पाच दिवस मी हे पॅनकेक करत होते आणि चुकीच्या गोष्टींना दोष देत होते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात बाबांमुळे झाली. ऑपरेशननंतर त्यांचं वजन उतरलं. डॉक्टरांनी किडनीच्या तपासण्या पाहिल्या आणि मग आहारातली प्रथिनं वाढवायला सांगितली. उकडलेलं अंडं त्यांना नकोसं होतं, पावडर घातलेलं दूध घशाखाली उतरत नाही. पॅनकेक मात्र पहिल्याच दिवशी त्यांनी मागून घेतला. माझी कृती सगळे करतात तीच होती: ४० ग्रॅम ओट्सचं पीठ, एक स्कूप व्हे (म्हणजे डब्यातली प्रोटीन पावडर, ती दुधातल्या याच नावाच्या प्रथिनाची असते), दोन अंडी, अर्धं केळं, थोडं दूध, अर्धा चमचा बेकिंग पावडर. चार लहान पॅनकेक होतात. बाबा तीन खातात, मी एक.

अडचण एकच, पण तिने मला पार थकवलं. पॅनकेक कधी छान व्हायचे, कधी रबर. बाबांची वरची कवळी आहे आणि चिवट घास चावताना ती सुटते. "अगं, आजचा जरा ताणला जातोय," असं म्हणून ते ताटली हळूच बाजूला करायचे आणि मला वाईट वाटू नये म्हणून पोट भरलं म्हणायचे. ज्या माणसासाठी पहाटे उठून करायचं, तोच अर्धा टाकून उठतो, हे फार लागायचं.

मी आधी आच कमी केली. मग बेकिंग पावडर जुनी असेल म्हणून नवी आणली. तिसऱ्या महिन्यात तवा बदलला, आणि जुना तवा अगदी धड होता. तो खर्च मला अजून टोचतो. फरक शून्य पडला.

मग सहावा डबा उघडला आणि दुसऱ्याच दिवशी स्कूप तुटला. आधीचे पाचही स्कूप रिकाम्या डब्यांबरोबर भंगारात गेले होते. कंपनीला मेल केला की स्कूप पाठवा, किंवा निदान तो किती मिलिलिटरचा असतो ते तरी कळवा. चार दिवसांनी उत्तर आलं: पुढच्या डब्यात नवीन स्कूप मिळेल. पुन्हा लिहिलं. तेव्हा म्हणाले, दोन मोठे चमचे वापरा. मी दोन मोठे चमचे काट्यावर तोलले. सपाट भरले तर जेमतेम १४ ग्रॅम, शीग लावली तर २५. डब्यावर लिहिलंय एक सर्व्हिंग ३० ग्रॅम. ज्यांची पावडर आहे त्यांनाच तिचं माप माहीत नसावं याचा मला मनापासून राग आला.

पण त्या रागात एक चांगली गोष्ट झाली. तुटलेल्या स्कूपची वाटी शाबूत होती, तीही तोलून पाहिली. रोज भरायचे तशी भरली, म्हणजे डब्याच्या कडेला दाबून आणि वर शीग ठेवून. ३८ ग्रॅम. पुन्हा भरली, ४०. घाईत भरली तर ३४.

पहिल्यांदा वाटलं, फसवलं आपल्याला. मोठा स्कूप द्यायचा म्हणजे डबा लवकर संपतो. हा रिव्ह्यू तेव्हाच लिहिला असता तर एक स्टार दिला असता. नंतर शांतपणे वाटी हलकेच भरली आणि सुरीच्या पाठीने वरून सपाट केली. ३० ग्रॅम. पुन्हा केलं, ३१. स्कूप खरा होता, माझी भरायची पद्धत चुकीची होती. तरी माझी तक्रार कायम आहे. डब्यावर पाच ठिकाणी 'एक स्कूप' छापलंय, 'सपाट' हा शब्द एकदाही नाही.

आता पैशांचं बघा. एक किलोच्या डब्यातून ३३ सर्व्हिंग निघायला हवीत, माझे २६ नाश्त्यांत संपत होते. पाच डबे म्हणजे साधारण १३० नाश्ते, प्रत्येकात ८ ग्रॅम जास्त. एक किलोच्या वर पावडर झाली, अख्खा एक डबा. आणि तो डबा मी पॅनकेक बिघडवण्यासाठी घातला.

जास्त व्हे घातल्याने रबर का होतो, ते नीट समजून घेतलं तेव्हा सगळा उलगडा झाला. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीन असतं आणि २० टक्के व्हे. केसीन नुसत्या उष्णतेने गोठत नाही, म्हणूनच ताजं दूध उकळलं तरी फाटत नाही. व्हेचं उलट. त्यातलं मुख्य प्रथिन ७० अंश सेल्सियसच्या पुढे उलगडतं, एकमेकांत अडकतं आणि त्याचं घट्ट जाळं होतं. अंड्याचा पांढरा भागही साठीच्या पुढे गोठायला लागतो. म्हणजे पिठात गोठणाऱ्या दोन गोष्टी, आणि त्यांना सैल ठेवायला थोडेसे ओट्स. त्यात मी दाबून भरलेला स्कूप टाकत होते.

आता मी व्हे २२ ग्रॅमवर आणलं आहे, काट्यावर तोलून. दूध बंद केलं आणि त्याजागी ५० ग्रॅम पाणी काढलेलं घट्ट दही घालते. त्यातलं बरंचसं प्रथिन केसीन असल्यामुळे पॅनकेकला ओलावा राहतो. हिशोब असा: ओट्समधून ५ ग्रॅम प्रथिनं, व्हेमधून साडेसतरा, दोन अंड्यांतून साडेबारा, दह्यातून सुमारे ५. एकूण ४०. कागदावर मी पूर्वी ४३ धरत होते, तेव्हा गेलं ते तीन ग्रॅम. बाबा तिन्ही पॅनकेक संपवतात, त्यामुळे पोटात प्रत्यक्ष पूर्वीपेक्षा जास्तच जातं.

बाकी सवयी किरकोळ आहेत. ओट्स आधी दही-अंड्यात दहा मिनिटं भिजू देते, ते पाणी शोषतात आणि पीठ आपोआप दाट होतं. बेकिंग पावडर अगदी शेवटी. मिक्सर फक्त ओट्स दळायला. पूर्ण पीठ मिक्सरला फिरवलं की फेस येतो, पॅनकेक तव्यावर फुगतो आणि ताटलीत बसतो. आच मध्यमपेक्षा कमी आणि वर झाकण, कारण व्हे आणि केळं दोन्ही लवकर करपतात आणि आतून पीठ कच्चं राहतं. नॉन-स्टिक तवा मोठ्या आचेवर रिकामा तापवू नका, २६० अंशांच्या पुढे त्याचा थर बिघडायला लागतो. करून ठेवून मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचा प्रयोग मी सोडून दिला. पुन्हा तापवलं की व्हे आणखी आवळतं आणि परत तेच रबर.

एक शंका मला बऱ्याच जणांनी विचारली, म्हणून लिहिते. तव्यावर प्रोटीन 'मरत' नाही. उष्णतेने त्याची घडी उलगडते, प्रथिन जागेवरच राहतं. अंड्याच्या बाबतीत तर शिजवणं फायद्याचंच: १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रथिन पचलं होतं, कच्च्यातलं ५१ टक्के. कच्ची अंडी दुधात फेटून पिणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

पावडरला आता चार स्टार देते. कंपनीच्या सेवेला एकही नाही. काल तिसरा मेल पाठवला आहे, डब्यावर 'सपाट' एवढा एक शब्द छापा म्हणून. सहाव्या डब्यावर मी रोज पेन्सिलने एक रेघ मारते. आज तेविसावी मारली. डबा अजून अर्धा आहे.