सेकंडहँड फुगवायची बोट + जुनी टू-स्ट्रोक मोटर, वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, पहिली बोट म्हणून सेकंडहँड घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त "हवा धरते ना" एवढंच विचारून घेऊ नका. हवा गळणं हा यातला सगळ्यात सोपा प्रॉब्लेम आहे. खरी बघायची गोष्ट म्हणजे ट्रान्सम, म्हणजे मागची लाकडी फळी जिच्यावर मोटर बसते.

माझी बोट पीव्हीसीची, साधारण पावणेतीन मीटर, प्लायवूडचा फ्लोअर, सोबत ४ एचपीची टू-स्ट्रोक. ट्यूबवर आधीच्या मालकाने लावलेली ठिगळं आहेत आणि ती मस्त धरतात. पण त्याआधी एक बोट बघितली होती, दिसायला एकदम नवी, आणि ट्रान्समवर बोटांनी ठोकलं तर एका बाजूला टणक आवाज आणि ड्रेन प्लगच्या (आतलं पाणी बाहेर काढायच्या बुचाच्या) भोकाजवळ एकदम बद्द. आत पाणी शिरून प्लायवूड कुजलेलं. मोटरचं सगळं वजन आणि सगळा जोर त्या फळीवर येतो त्यामुळे ती बोट तिथेच सोडली. फळी जिथे ट्यूबला चिकटवलेली असते ती कडसुद्धा नखाने उचलून बघा, उचलली जात असेल तर ते काम घरी नीट होत नाही.

मटेरियल कुठलं ते पक्कं विचारा. पीव्हीसी आणि हायपालॉन (एक प्रकारचं कृत्रिम रबर) दोन्हींचे ग्लू वेगळे असतात, चुकीचा लावला की पॅच सुटतो. पीव्हीसी वर्षानुवर्षं उन्हात राहिलं असेल तर हाताला चिकट लागतं, अशी बोट नको. हायपालॉन ऊन जास्त सहन करतं पण महाग (ड्युपाँटने ते २०१० मध्ये बनवायचं बंद केलं, तसलंच कापड आता दुसरे बनवतात, लोक नाव तेच वापरतात).

लीक शोधायचा तर साबणाचं पाणी, व्हॉल्वपासून सुरुवात करा, बऱ्याचदा तिथेच बुडबुडे येतात. सगळ्या ट्यूब आधी अर्ध्या भरा मग पूर्ण, नाहीतर दोन कप्प्यांमधल्या पडद्यावर ताण येतो. ट्यूबचं प्रेशर साधारण ०.२५ बार असतं, बोटीवर लिहिलेलं असेल तेच धरा, आणि पंपाला गेज हवंच. गार पाण्यात उतरवली की बोट थोडी मऊ पडते, ते लीक नाही, थोडी हवा भरायची. उलट भरलेली बोट किनाऱ्यावर कडक उन्हात ठेवायची असेल तर थोडी हवा सोडा.

मोटर बघायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगा की चालू करून ठेवू नका, मला गारच हवी, गार असताना सुरू होते का तेच बघायचं असतं. पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून स्टार्ट करायची आणि मागून पाण्याची बारीक धार येते का बघायचं, कारण ती धार म्हणजे कूलिंग चालू आहे याची खूण. माझ्या मोटरची धार अशक्त होती, आतला रबरी इम्पेलर (कूलिंगचं पाणी ढकलणारं चाक) बदलला आणि आता जोरात येते, जुनी मोटर घेतली की हा पार्ट असाही बदलून टाका. गिअर ऑइल दुधाळ निघालं तर सील गेलंय, त्यात पाणी शिरतंय. टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून द्या, कार्ब्युरेटर त्यानेच तुंबतो. पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल माझ्या मोटरला ५०:१, म्हणजे लिटर पेट्रोलला २० मिली, पण काही जुन्या मोटरींना जास्त ऑइल लागतं, मॅन्युअल बघूनच ठरवा. शाफ्टची (मोटरचा खाली पाण्यात जाणारा दांडा) लांबी पण मोजा, अशा बोटींना बहुतेक शॉर्ट, ३८ सेमीच्या आसपासचा लागतो.

चालवायला कशी? एकटा असलो की छान पळते, दोघं बसलो की नाक वर करून हळूहळू जाते, प्लेनिंग (वेगात पाण्यावर उचलून घसरत पळणं) विसरा. शांत पाण्यात फिरायला, मासे धरायला भरपूर झालं. वारा वाढला की मात्र हलकी बोट लगेच ढकलली जाते, म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, म्हणजे मोटर बंद पडली तरी वारा परत आणतो. वल्ही कायम सोबत.

आणि किल कॉर्ड, म्हणजे ओढली गेली की मोटर बंद करणारी दोरी, ही मी मनापासून सांगतोय, लाईफ जॅकेट घातलं की दुसरं काम तेच, मोटर सुरू करायच्या आधी मनगटाला किंवा पायाला अडकवायची. माणूस पाण्यात पडला आणि मोटर चालूच राहिली तर बोट गोल फिरत पंख्यासकट त्याच्याच अंगावर येऊ शकते. सेकंडहँड मोटरसोबत ही दोरी बऱ्याचदा हरवलेली असते, त्याच मॉडेलची नवी घ्या आणि ओढून मोटर खरंच बंद होते का ते ड्रममध्येच बघा.

बोटीला पाचपैकी चार. एक कापला तो फ्लोअरसाठी, प्लायवूडचे तुकडे बसवताना बोटं चेमटतात आणि एकट्याने जोडायला फार वेळ जातो, गाडीतून नेऊन दरवेळी जोडणार असाल तर एअर फ्लोअरवाली शोधा.