५२ पाती आणि एक पळपुटा स्क्रू: स्वस्तातल्या पिच गेजचे आठ महिने

गेल्या रविवारी सकाळी माझ्या पिच गेजचा, म्हणजे स्क्रूच्या दोन आट्यांमधलं अंतर (पिच) ओळखायच्या दातेरी पात्यांच्या जुडग्याचा, स्वतःचाच स्क्रू निसटला. मेट्रिक बाजूची सगळी पाती फरशीवर पसरली, ०.४५ चं पातं वॉशिंग मशीनखाली गेलं आणि ज्या स्क्रूवर ती ओवलेली होती तो बाल्कनीच्या जाळीतून थेट तळमजल्याच्या कुंड्यांत. आटे ओळखायचं हत्यार, आणि त्याच्याच आट्यांचा भरवसा नाही! वर्ष झाल्यावर निवांत लिहिणार होतो, पण आता राग ताजा आहे तोवर लिहून टाकतो.

गेज नेहमीचाच. ५२ पाती, एका टोकाला मेट्रिक (मिलिमीटरची), दुसऱ्या टोकाला व्हिटवर्थ (इंची). पुण्यात रविवार पेठेत ३४० रुपयांना घेतला. शेजारी नावाजलेल्या कंपनीचाही होता. तो हातात घेतला, किंमत ऐकली आणि परत ठेवला.

मोठ्या मापांबद्दल काही बोलत नाही. एम६, म्हणजे ६ मिलिमीटर व्यासाचा मेट्रिक स्क्रू, ओळखायला गेज कशाला, खिशातला नट फिरवून कळतं. खरी परीक्षा एम३ च्या खाली. लॅपटॉपच्या एसएसडीचा स्क्रू एम२, पिच ०.४. चष्म्याच्या दांडीचा १.४ मिलिमीटरचा, पिच ०.३. इथे एका पात्यात आणि पुढच्या पात्यात फरक ०.०५ मिलिमीटरचा. चुकीचं पातंही बसल्यासारखंच वाटतं. घड्याळजी डोळ्याला लावतो तसलं दहापट भिंग आणि पलीकडून उजेड, एवढं असेल तरच फट दिसते. भिंगाला १५० रुपये वेगळे गेले, ते गेजच्याच खात्यात धरा.

पात्यांवरचे आकडे इतके पुसट की ०.३ आणि ०.३५ मला एकच वाटायचे. बायकोचं पांढरं नेलपॉलिश चोळून वरचं पुसून घेतलं, खाचेत राहिलेल्या रंगाने आकडे उठून दिसायला लागले. हा प्रश्न मिटला. स्क्रूचा मिटला नाही. दुसऱ्याच महिन्यापासून तो ढिला व्हायला लागला. आवळला तर पातं उघडताना नख मोडतं, सैल केला तर एक मागितलं की दहा बाहेर येतात. त्यालाही नेलपॉलिश लावून पाहिलं, आठवडाभर टिकलं. दुकानात नेला तर मालक म्हणाले, "माप बरोबर दाखवतोय ना? मग?" यावर काय बोलणार.

माप मात्र प्रत्येक वेळी बरोबर दाखवतोच असं नाही, आणि त्यात सगळी चूक त्याची नाही. आईच्या जुन्या काळ्या शिलाई मशीनचा फूट (कापड दाबून धरणारा पाय) आवळायचा स्क्रू हरवला होता. जुन्या बाजारातून आणलेल्या रेडिओच्या सामानात तसाच एक सापडला. व्हर्नियरवर (व्यास मोजायच्या सरकपट्टीवर) ३.६ मिलिमीटरच्या आसपास, गेजवर इंचाला ४० आट्यांचं पातं जवळपास बसलं. मशीनच्या भोकात तीन वेढे गेला आणि जाम. आई म्हणाली, "जोर लावू नकोस हं, माझ्या मशीनला काही झालं ना, तर बघ." नाही लावला, म्हणून आज हे लिहायला तोंड आहे.

भानगड अशी. अशा मशीनच्या फूटला बहुधा ९/६४ इंच व्यासाचा, इंचाला ४० आट्यांचा स्क्रू असतो. हार्डवेअरच्या दुकानात तो मिळत नाही. मिलिमीटरमध्ये ३.५७ व्यास, ०.६३५ पिच. रेडिओतला स्क्रू होता ४ बीए (बीए हा जुना ब्रिटिश आट्यांचा प्रकार): व्यास ३.६, पिच ०.६६. आटे पाच-सहाच असले तर पातं दोन्हींवर टेकतं.

बीए आटे ही गमतीचीच गोष्ट. ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेने १८८४ च्या सुमाराला ते सुचवले, पण पाया स्विस थ्युरी आट्यांचा आणि हिशोब चक्क मिलिमीटरमध्ये. नंबर शून्याची पिच १ मिलिमीटर, पुढे प्रत्येक नंबराला ०.९ ने गुणत जायचं. चारदा गुणलं की ०.६५६, तेच धरतात ०.६६, तोच आमचा स्क्रू. आट्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंश, मेट्रिकचा ६०. म्हणजे मेट्रिक पातं तळापर्यंत जायलाच नको. पण एवढ्याशा दातात कोन दिसतो कुणाला? पुढची जोडी याहून फसवी: १० बीए आणि एम१.६, दोघांचीही पिच जवळजवळ ०.३५, व्यासात फरक ०.१ चा. जुने रेडिओ, मीटर, ब्रिटिश वळणाची उपकरणं उघडणाऱ्यांनी बीए आणि मेट्रिक स्क्रूंचे डबे वेगळे ठेवा. नुसत्या व्यासावरही जाऊ नका. नवा एम३ सुद्धा व्हर्नियरवर पूर्ण तीन कधीच भरत नाही, २.९ च्या आसपास येतो.

शेवटी काम केलं ते शाई संपलेल्या जुन्या प्रिंटरच्या स्कॅनरने. स्क्रू काचेवर आडवा ठेवला, १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके) स्कॅन केला. एक ठिपका म्हणजे ०.०२१ मिलिमीटर. पहिल्या आट्याच्या माथ्यापासून सहाव्याच्या माथ्यापर्यंत ठिपके मोजले आणि पाचाने भागले. ४ बीए असेल तर भागण्याआधीचं हे अंतर ३.३, इंची असेल तर ३.१७५. फरक जवळपास सहा ठिपक्यांचा, डोळ्यांना स्वच्छ दिसतो. खर्च शून्य. ही युक्ती आधी सुचली असती तर गेज घेतलाच नसता, असं त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं होतं.

ते आता खोडतोय. रविवारी पाती सुटली तेव्हा घाईचं काम होतं, म्हणून ०.४ चं एकटं पातं चिमट्यात धरून एसएसडीच्या स्क्रूला लावलं. पहिल्यांदाच नीट बसलं! आजवर शेजारची पाती आणि तो जाड पत्र्याचा दांडा मध्ये येत होता, उजेडही अडवत होता. तीन मिलिमीटर लांबीच्या स्क्रूच्या डोक्याला पात्याचं टोक भिडवायचं तर पातं सुटंच हवं. ०.२५ ते ०.५ अशी सहा पाती आता किल्लीच्या रिंगमध्ये ओवली आहेत, त्यासाठी वॉशिंग मशीन सरकवावं लागलं. एम२, एम२.५ आणि एम३ चे टॅपही (भोकात आटे पाडायची हत्यारं) सोबत एकाच डब्यात ठेवले आहेत. टॅपचे आटे आणि स्क्रूचे आटे एकमेकांत घालून उजेडाला धरले की पात्याइतकंच कळतं.

कुंडीतला स्क्रू सापडला नाही. दुसऱ्या टोकाचा काढून मोजला: २.९, आणि ०.५ चं पातं गच्च. एम३. दुकानदार एक देईना, दहाचं पाकीट घ्यावं लागलं. उरलेली मोठी पाती त्यातल्या एकावर ओवली, मागून नायलॉनवाला नट लावला. आता ढिला होत नाही. ३४० ला गेज, १५० चं भिंग, २० चे स्क्रू.

पाचात तीन तारे. त्यातला एक त्या सहा सुट्या पात्यांचा. आईच्या मशीनचा स्क्रू शिलाई मशीनच्या सामानाच्या दुकानात पाच रुपयांना मिळाला. "फूटचा स्क्रू" म्हटल्यावर त्यांनी न मोजताच काढून दिला.