जुना अ‍ॅम्प्लिफायर बिघडला: दुरुस्ती, तयार बोर्ड की नवीन?

घरातला जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला की सांगलीत तीन सल्ले हमखास मिळतात. दुकानदार म्हणतो नवीन घ्या, रिपेअरवाला म्हणतो आतलं काढून तयार बोर्ड टाकू, आणि गाण्याचा शौकीन मित्र म्हणतो ओरिजिनलला कोणाला हात लावू देऊ नको. माझं मत आधीच सांगतो: ट्रान्सफॉर्मर धड असेल तर नव्याची घाई नको. पण बिघाड कुठे आहे हे कळल्याशिवाय तिघांपैकी कोणाचंच ऐकू नका.

सगळ्यात आधी स्पीकर काढून ठेवा आणि मल्टिमीटर डीसीवर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. काही मिलिव्होल्ट दिसले तर ठीक. पंधरा-वीस व्होल्ट दिसले तर आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा आयसी गेलेला समजा. तिथे स्पीकर जोडला तर त्याची कॉइलही जळते. डीसी नसेल आणि एकच बाजू मुकी असेल, तर अ‍ॅम्प बंद करून स्पीकरच्या वायरी डाव्या-उजव्या बदला. तोच स्पीकर मुका राहिला तर दोष स्पीकरचा किंवा वायरचा, अ‍ॅम्प निर्दोष. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा पुरतो, त्यासाठी कोणी बोर्ड बदलायला सांगितलं तर दुकान बदला.

घुमण्याचा आवाज येत असेल तर व्हॉल्यूम शून्यावर न्या. तरीही तेवढाच घुमत असेल तर बहुधा सप्लायचे मोठे कपॅसिटर सुकलेत. आपली वीज ५० हर्ट्झची, रेक्टिफायरनंतर ती घुमते १०० वर. व्हॉल्यूमबरोबर घुमणं वाढत असेल तर इनपुटची वायर किंवा अर्थिंग बघा.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर खरा प्रश्न सुरू होतो. बोर्डावर सुटे ट्रान्झिस्टर असतील तर मी मूळ बोर्डच दुरुस्त करून घेईन. मात्र नुसता उडालेला आउटपुट ट्रान्झिस्टर बदलून देणारा मेकॅनिक नको. त्याच्यासोबत ड्रायव्हर (आउटपुटला चालवणारे छोटे ट्रान्झिस्टर) आणि एमिटरचे ०.२२ किंवा ०.३३ ओमचे रेझिस्टरही तपासावे लागतात, नाहीतर नवा माल पहिल्याच सेकंदाला जातो. चांगला मेकॅनिक पहिल्यांदा चालू करताना १०० वॅटचा पिवळा बल्ब अ‍ॅम्पच्या विजेच्या वायरीत सिरीजमध्ये लावतो. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर बरं. लखलखत राहिला तर शॉर्ट अजून आत आहे. एलईडी बल्बवर हे होत नाही, फिलामेंटचाच हवा.

आत जाडजूड एसटीके आयसी (सगळा आउटपुट एकाच चिपमध्ये) असेल तर मात्र मी तयार बोर्डाच्या बाजूने आहे. मूळ माल बनणं कधीच थांबलंय आणि बाजारात नकली भरपूर, अगदी पुण्याला पासोड्या विठोबाजवळ गेलात तरी खात्री नाही. त्याच कॅबिनेटमध्ये, त्याच ट्रान्सफॉर्मरवर टीडीए ७२९४ या अ‍ॅम्प आयसीचा बोर्ड छान बसतो, फक्त सप्लाय आधी मोजा: तो प्लस-मायनस ४० व्होल्टच्या वर नको. मोजताना सांभाळा, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

नवीन छोटे क्लास डी अ‍ॅम्प (ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून चालणारे) वाईट नाहीत. फारसे तापत नाहीत, वीज कमी खातात, ब्लूटूथ असतं. पण खोक्यावरचे वॅट वाचू नका, अ‍ॅडॉप्टर वाचा. २४ व्होल्ट २ अँपिअर म्हणजे एकूण ४८ वॅट. त्यातून शंभर अधिक शंभर कुठून येणार? शिवाय यांतल्या बहुतेकांचं स्पीकरचं निगेटिव्ह टोक ग्राउंड नसतं, दोन्ही बाजूंची निगेटिव्ह वायर एकत्र जोडलीत तर संपलं. रेकॉर्ड प्लेअर असेल तर फोनो इनपुटही यात सहसा मिळत नाही.

दुरुस्त होऊन आलेला अ‍ॅम्प तपासायला मोठ्या आवाजात लावू नका. तंबोऱ्याची नुसती झंकार असलेलं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात ऐका. तंबोरे बनवणारी मिरजेची माणसं इथे आपल्यापेक्षा लवकर पकडतील, कारण जवारीची, म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीवरून येणाऱ्या झणझणाटाची, त्यांना सवय आहे. बारीक आवाजात झंकार खरबरीत आणि मोठ्यात स्वच्छ असेल तर बायस (आउटपुट ट्रान्झिस्टरमधून कायम वाहणारा थोडासा करंट) नीट लावलेला नाही. पैसे देण्याआधी तो लावून घ्या.

ट्रान्सफॉर्मरच जळला असेल तर रिवाइंडिंगचा खर्च आणि नव्याची किंमत एकदा शेजारी लिहून बघा, मग ठरवा. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात भिजून माळ्यावर पडलेला अ‍ॅम्प असेल तर तो "वाळलाय, बघू तरी" म्हणून प्लगला लावू नका. वाइंडिंगच्या आत ओल राहते आणि गाळ बोर्डावरचे सोल्डरचे सांधे खातो. तिथे आधी इन्सुलेशन तपासून घ्या. त्यात नापास झाला तर कॅबिनेट आणि हीटसिंक ठेवा, बाकी सोडून द्या आणि नवीनच घ्या.