हेमोडायलिसिस की पेरिटोनियल डायलिसिस : रोजच्या जगण्याच्या दृष्टीने

मूत्रपिंडे निकामी झाल्यावर केंद्रात होणारे हेमोडायलिसिस, म्हणजे यंत्रातून रक्त गाळून घेणे, साधारणपणे आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी सुमारे ४ तास चालते; पेरिटोनियल डायलिसिसमध्ये, म्हणजे पोटात नळीने द्रव भरून पोटाच्या अस्तरातून रक्त स्वच्छ करण्याच्या पद्धतीत, मात्र रुग्ण घरीच, बहुधा दिवसातून ४ वेळा, पोटातला जुना द्रव काढून सुमारे २ लिटर नवा भरतो किंवा रात्री झोपेत हे काम यंत्रावर सोपवतो.

खरा फरक जाणवतो तो ताटात आणि पाण्याच्या पेल्यात. हेमोडायलिसिसच्या दोन सत्रांमध्ये पाणी, क्षार आणि पोटॅशियम साठत राहत असल्याने पथ्य कडक असते, आणि आठवड्यातला दोन दिवसांचा मोठा खंड सर्वांत जपून काढावा लागतो. मीठ कमी केल्याशिवाय तहान आवरत नाही, हे मात्र अनेकांना उशिरा उमगते. पेरिटोनियल पद्धतीत सफाई रोज होत असल्याने पोटॅशियमचे बंधन बहुधा सैल असते. परंतु द्रवावाटे प्रथिने वाहून जातात आणि त्यातील ग्लुकोज शरीरात शोषले जाते, म्हणून प्रथिने वाढवावी लागतात व वजनावर लक्ष ठेवावे लागते.

स्वतःची काळजीही वेगळी. फिस्टुला (हेमोडायलिसिससाठी धमनी व शीर शस्त्रक्रियेने जोडून केलेली जागा) असलेल्या हातावर रोज बोटे ठेवून थरथर तपासावी. त्या हाताचा रक्तदाब मोजू देऊ नये. पोटात नळी असलेल्याने निघालेल्या द्रवाची पिशवी उजेडात धरून पाहावी, कारण गढूळपणा ही संसर्गाची खूण असू शकते आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवणे आवश्यक ठरते.

शिस्त अंगवळणी असलेल्या, नोकरी करणाऱ्या माणसाला मला दुसरी पद्धत अधिक सोयीची वाटते. एकट्याने जबाबदारी पेलवत नसेल, तर पहिली.